पंगतीतली आणि कागदावरची

भाऊबीजेला माहेरी निघालेल्या सासुरवाशिणीला आपण काय विचारतो? पोरी, परत केव्हा येणार, एवढेच. 2018 साली मात्र आमच्या आळीतली एक नवी सून निघाली, तेव्हा मी तिला म्हणालो, "येताना रेशन कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला तेवढा आण." सणाच्या दिवशी मास्तराने हे बोलावे, याचे मला त्या वेळी काही वाटले नाही. आज वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

परगावच्या वाचकांना बारामती-इंदापूर म्हटले की ऊस आणि साखर कारखाने आठवतात. ते खोटे नाही. पण नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही अशी बारामती निराळी आहे, आणि उजनीचा फुगवटा जिथून नुसता दिसतो असे इंदापूरही निराळे आहे. ही मुलगी त्या बारामतीतून या इंदापुरात आली. एका कोरड्या गावातून दुसऱ्या कोरड्या गावात. लग्न वैशाखात झाले. पावसाने दगा दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमचे दोन्ही तालुके होते.

नवरा बेकार, सासरा थकलेला. रोजगार हमीवर काम मागावे म्हणून ती माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि कौतुकाने तिच्याबरोबर गेलोही. भाऊसाहेबांनी कागद पाहिला आणि परत केला. घराच्या रेशन कार्डावर तिचे नाव नाही, म्हणून जॉब कार्डावर चढणार नाही. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याचा दाखला आणा, मग बघू. मी मान डोलावली. "नियम आहे, पोरी," असेही म्हणालो.

तो दाखला लवकर येणार नव्हता. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. लेकीचे नाव कमी झाले की बापाच्या घरातले तेवढे धान्य कमी होते. आणि दुष्काळात 5 किलो म्हणजे थोडे नव्हे. बाप "आज जातो, उद्या जातो" म्हणत राहिला. त्याला मी तरी काय बोल लावू? शिवाय तिची आई म्हणाली म्हणे, की लेक दिली ती दिली, आता तिचे नावही माझ्याच हाताने काढू काय?

अशा रीतीने ती दोन कार्डांच्या मध्ये उभी राहिली. सासरी माप ओलांडून आलेली, घरची धुणी-भांडी आणि लांबचे पाणी आणणारी. पण कागदावर अजून माहेरवाशीण.

शाळेत मी ही हकीकत सांगितली, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "कालची आलेली बाई. काम द्या, नाही तर भत्ता द्या! या गावासाठी तिने अजून केले काय?" हा प्रश्न टाकाऊ नाही. जिथे विम्याची पद्धत आहे, तिथे आधी हप्ते भरायचे आणि बेकारी आली की मग मागायचे. पेरले तर उगवेल, हा त्यातला सरळ न्याय. माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन इंग्लंडला गेली. नवऱ्याच्या पाठोपाठ आलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येते, करही भरावा लागतो. पण कायमचा परवाना मिळेपर्यंत सरकारी मदतीवर तिचा हक्क नाही. गंमत अशी, की त्याच देशाच्या जुन्या गरीब-कायद्यात लग्नाबरोबर बायकोला नवऱ्याचे गाव लागत असे, आणि आपत्तीत तिला पोसण्याचे ओझे त्या गावावर पडे.

पण आपली रोजगार हमी हा विमा कधीच नव्हता. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग सुरू केला, तेव्हा कोणा मजुराला तू आजवर काय भरलेस असे विचारले नव्हते. 1977 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने खेड्यातल्या प्रत्येक प्रौढाला काम मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी 1975 पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. माझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये जातात. म्हणजे त्या मुलीसाठी हप्ता भरणारा मीच होतो, आणि तिला परत पाठवताना मान डोलावणाराही मीच.

पुढे निवडणुकीच्या कामावर असताना एका कचेरीत रिकामा बसलो होतो. कपाटावर 2005 च्या केंद्रीय कायद्याची पुस्तिका पडली होती, ती चाळली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते; कायद्याची भाषा मला कळते असा दावा नाही. पण कुटुंब म्हणजे कोण हे तिथे सांगितले होते: रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने नातलग असलेली, एरवी एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी, किंवा एकाच रेशन कार्डावरची माणसे. ते "किंवा" मी तीनदा वाचले. शाळेत उभयान्वयी अव्यय म्हणून मी वर्षानुवर्षे ते फळ्यावर लिहितो! जेवणाचे ताट पुरे होते. रेशन कार्ड नसते तरी चालले असते. अर्ज घेतल्याची तारखेसह पोच द्यायची होती. तिथून 15 दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान चौथाई आणि पुढे निदान निम्मा बेकारी भत्ता द्यायचा होता. पोचच नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

घरी येऊन आईला सांगितले. आई बहात्तरच्या दुष्काळात नवी नवरी म्हणून या गावात आली आणि आठव्या दिवशी खडी फोडायला गेली. ती म्हणाली, "मला कुनी कागूद इचारला न्हाई. मुकादमानं इचारलं, कुनाची? जावेनं सांगितलं, आमची. लागलं नाव मस्टरवर." थोड्या वेळाने म्हणाली, "तू व्हतास की तिथं. तुला आमची म्हनता आलं न्हाई व्हय?"

आईला मी काय सांगणार? त्या मुलीला मोजायला सगळ्यांनीच वेळ लावला असे मात्र नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बायको आली आहे एवढे ऐकताच त्याने उंबऱ्यातच पूर्ण कोयत्याची उचल नवऱ्याच्या हातावर ठेवली. दाखला नको, कार्ड नको. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोळ्या बांधत होती.

दाखला संक्रांतीनंतर आला. तिच्या सासऱ्याने तो माझ्याकडे आणून दिला आणि विचारले, "गुरुजी, आता ह्याचं काय करायचं?" मी नवा अर्ज लिहिला आणि या खेपेस पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठलो नाही. पोचेवर तारीख पडली तेव्हा ती फडातच होती. सही तिची हवी, म्हणून कागद घेऊन मी सायकलने फडावर गेलो. पाचटाने कापलेल्या बोटांनी तिने सही केली, आणि नाव लिहिताना थोडी थांबून विचारले, "गुरुजी, पुढं कुणाचं लावू? बापाचं का यांचं?"