चूक समोरच्याची, परीक्षा आपली

शिक्षा करण्याचे सामर्थ्य आपल्या हाती असताना कोणी आपला मान चुकवला, तर आपण काय करतो?

व्हेनिसचे चित्रकार पाओलो व्हेरोनेसे यांनी १५६५ ते १५६७ च्या सुमारास याच प्रसंगाचे एक भव्य चित्र रंगवले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

इ.स.पू. ३३३ मध्ये इससच्या लढाईत अलेक्झांडरकडून हरलेला इराणचा सम्राट दारियस आई, पत्नी आणि मुलांना मागे सोडून पळाला. प्राचीन इतिहासकार सांगतात की, अलेक्झांडर आपला मित्र हेफेस्टियन याच्यासह त्यांच्या तंबूत गेला. हेफेस्टियन अधिक उंच होता. राजमाता सिसिगॅम्बिसला तोच राजा वाटला आणि तिने त्याच्यापुढे लोटांगण घातले. चूक कळताच ती घाबरली. अलेक्झांडरने मात्र तिला धीर दिला. तुमचे काही चुकले नाही, हाही अलेक्झांडरच आहे, असे तो म्हणाला.

चित्रातही त्या दोघांपैकी राजा कोणता, हे चटकन कळत नाही. राजमातेची चूक आपल्याकडूनही होते!

विचार करा. जीवदान दिल्याने जेत्याचा मोठेपणा वाढतोच. कठीण असते ते, ‘मी कोण आहे हे कळत नाही का?’ हा प्रश्न गिळणे. क्षमेत ‘मी’ उरला की तिचा उपकार होतो. अलेक्झांडरने आपले नावच मित्राला देऊन टाकले, म्हणून राजमातेला खाली मान घालावी लागली नाही.

एकदा माझ्या अनुवादाखाली चुकून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव आले. एका ज्येष्ठ ताईंनी फोन करून माफी मागितली. मी ‘काही हरकत नाही’ म्हणाले, पण अशा सुरात की त्यांना आणखी दोनदा माफी मागावी लागली. कॉमर्सची विद्यार्थिनी ना मी! तोंडाने हिशोब मिटवला, वहीत मात्र येणे बाकी ठेवले.

एकदा दाखवलेली करुणा कायमची आपली होत नाही. याच अलेक्झांडरने पुढच्याच वर्षी टायर शहर जिंकून हजारोंना गुलाम म्हणून विकले. ती प्रत्येक वेळी नव्याने निवडावी लागते.

आपल्यापाशी राज्य नाही. पण घरात धाकटे भावंड असते, कामाला येणाऱ्या मावशी असतात, हाताखालचा सहकारी असतो. आज त्यांच्यापैकी कोणी चुकले, तर आपण वहीतले येणे खरोखर खोडू शकू का?