भीतीला चेहरा कोणाचा?

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका मातेने आम्हांस एक प्रश्न विचारला. वरवर पाहता तो अगदी किरकोळ होता. आठवीत शिकणाऱ्या तिच्या मुलीला ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मैत्रिणींना बोलावून घरी ‘हॅलोविन’ साजरा करावयाचा होता. घर भुताटकीने झपाटल्यासारखे दिसले पाहिजे, असा मुलीचा हट्ट होता. आणि दीडशे रुपयांपलीकडे एक पैसा मिळणार नाही, अशी वडिलांची अट होती. आईची अडचण निराळीच होती. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर ज्या भिंतीवर आहे, तिच्याखाली भुताखेतांची आरास करावी काय? “फादर, यात पाप तर नाही ना?” असे तिने मिस्सा आटोपल्यावर विचारले.

खरे सांगावयाचे तर आमच्या ओठांवर नकारच आला होता. परदेशी खूळ, दूरचित्रवाणीने आणलेले, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु ज्या सणाला आपण परके म्हणत आहोत त्याचे नाव तरी कोठून आले, हे आठवताच आम्ही थबकलो. ‘हॅलोविन’ म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात सकल संतांच्या नावे एक प्रार्थनालय समर्पित केले. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत सर्वत्र रुजू लागला. पुढे क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा दिवस मृत भाविकांच्या स्मरणासाठी नेमून दिला. आयर्लंडमध्ये या दिवसांत जुन्या हंगामी चालीरीतीही मिसळल्या. तेथील लोक सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेत गेले तेव्हा सलगमाच्या जागी भोपळा आला. म्हणजे ही संध्याकाळ मुळात आपल्याच अंगणातली. मात्र घराबाहेर पडून, वेश बदलून, ती परत आली आहे.

भुताचा विषयही शुभवर्तमानाला अपरिचित नाही. रात्रीच्या चौथ्या प्रहरी सरोवरावरून चालत येणाऱ्या प्रभूला पाहून शिष्यांना भूतच वाटले होते आणि ते भीतीने ओरडले होते. पुनरुत्थानानंतरही त्यांची तीच गत झाली; तेव्हा प्रभूने त्यांना आपले हातपाय दाखविले आणि भाजलेला मासा खाऊन दाखविला. भीतीबद्दल त्याने त्यांना शिक्षा केली नाही, जवळ येऊन ती फेडली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने जादूटोणा, भविष्यकथन आणि मृतांना आवाहन करणे या गोष्टी स्पष्टपणे त्याज्य ठरविल्या आहेत. तेव्हा प्लँचेट मांडून मृतांना बोलावणे निराळे आणि कागदाचे वटवाघूळ टांगणे निराळे. हा भेद मनाशी करून आम्ही त्या मातेला होकार दिला. येथपर्यंत आमचा निर्णय योग्यच होता, असे आजही वाटते.

दोन दिवसांनी सहज त्या घरी गेलो. मुलीचे कसब पाहून कौतुक वाटले. बाजारात अशा आराशीची तयार पाकिटे मिळू लागली आहेत, पण त्यांतील बहुतेक वस्तू प्लास्टिकच्या, एका रात्रीपुरत्या आणि दीडशे रुपयांत न बसणाऱ्या. म्हणून तिने घरातीलच वस्तू गोळा केल्या होत्या. जुन्या वर्तमानपत्रांना खळीत कालवलेली कोळशाची पूड फासून त्यांची वटवाघळे कापली होती. फाटक्या धोतराचे पांढरे भूत दोरीवर डोलत होते. कोळ्याच्या जाळ्यांसाठी तर तिला काहीच विकत घ्यावे लागले नाही. आपला वर्धा जिल्हा कापसाचा. शेतात पहिली वेचणी नुकतीच सुरू झालेली. मूठभर कापूस बोटांनी विरळ करीत करीत तिने तो दाराच्या चौकटीवर असा पसरला होता की, जाळे खरेच वाटावे. तांबडा भोपळा, म्हणजे आपल्याकडचे कोहळे, पोखरून त्याला डोळे व दात कोरले होते, आणि निघालेल्या गराची आजीने गूळ घालून बोंडे तळली होती. भोपळ्यात पणती ठेवावयाची होती. कापसापासून ती दूर असू दे, एवढीच सूचना आम्ही केली.

अशा स्वस्त आराशीत एक नैतिक लाभही आहे. विकत आणलेली भीती मनुष्याला प्रेक्षक करते. स्वतःच्या हातांनी केलेली भीती त्याला शहाणे करते. ज्या बालकाने धोतराला गाठ मारून भूत केले, त्याला अंधारात हलणारे धोतर पुन्हा तितकेसे घाबरवू शकत नाही. आतील गाठ त्याला ठाऊक असते.

एवढ्यात मुलीने पडदा बाजूला करून आपली मुख्य कलाकृती दाखविली. दाराच्या कोपऱ्यात एक चेटकीण उभी होती. बांबूच्या दोन काठ्यांचा सांगाडा, पाठीला उशी बांधून काढलेले कुबड, अंबाडीच्या तागाचे पिंजारलेले केस, लगद्याचे बाकदार नाक, अंगावर आजीचे जुने गडद लुगडे आणि हातात आजीचीच काठी. आम्ही मोकळेपणाने हसलो आणि उद्गारलो, “वा! अगदी हुबेहूब!” आजी बाजेवर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या वेळी ते आमच्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी एकट्याच मंदिराच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. वय ऐंशीकडे झुकलेले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “लुगडं मीच काढून देलं, फादर. पोरगी खेळते, तिले काय माहीत? पण माह्या मावशीले गावानं अशीच उभी केली होती.” मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. मावशी विधवा, गावाच्या टोकाला एकटी राहणारी, झाडपाल्याची माहिती असलेली. शेजारचे एक मूल तापाने दगावले आणि करणी केल्याचा आळ तिच्यावर आला. तिला चावडीसमोर उभे करून तिचे केस कापले गेले. त्याच रात्री तिने गाव सोडले आणि दुसऱ्या गावी, नातलगांच्या आश्रयाने, तिचा शेवट झाला. आजी तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या आणि गर्दीत उभ्या होत्या. “म्याही पाहत होती, फादर,” एवढेच त्या शेवटी म्हणाल्या.

आमचा ‘हुबेहूब’ हा शब्द आम्हांलाच टोचू लागला. हुबेहूब कोणासारखी? चेटकीण आम्ही कधी पाहिलेली नाही. पाहिल्या आहेत त्या वाकलेल्या पाठीच्या, काठी टेकणाऱ्या, जुने लुगडे नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया. आम्ही ज्या साम्याचे कौतुक केले, ते साम्य आजींशीच होते.

ही सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, जादूटोण्याच्या संशयावरून सात दलित व्यक्तींना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कायदा अपराध्याला शिक्षा देऊ शकतो. गर्दीतील सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपुढचे चित्र पुसणे मात्र त्याच्या हाती नाही.

आणि या बाबतीत बोट दाखविताना आम्ही ख्रिस्ती जनांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटूक केल्याच्या आरोपावरून हजारो लोकांना, त्यांत बहुसंख्य स्त्रियांना, देहदंड झाला; मृतांचा आकडा चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात असावा, असे इतिहासकार मानतात. १४८४ मध्ये पोप आठवे इनोसंट यांच्या आज्ञापत्राने जर्मनीतील अशा चौकशांना बळ दिले. त्याच ख्रिस्तसभेत फ्रिडरिख श्पे नावाचे एक येशूसंघीय धर्मगुरू होऊन गेले. देहदंड झालेल्यांचे पापनिवेदन ऐकून, त्यांच्यापैकी कोणीही अपराधी नाही, अशी त्यांची खात्री पटली. छळ केला तर कोणीही काहीही कबूल करील, हे त्यांनी १६३१ मध्ये आपले नाव न घालता प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निर्भीडपणे मांडले. चार वर्षांनी रोगग्रस्त सैनिकांची शुश्रूषा करताना ते मरण पावले. बाकदार नाकाची, काळ्या वस्त्रांतील जी म्हातारी आज सणाची शोभा म्हणून विकली जाते, तिच्या चित्रामागे ही राख आहे.

कोणी म्हणेल, आठवीतल्या मुलीच्या खेळावर एवढे मोठे ओझे कशाला? तिने का कोणावर आळ घेतला? हा आक्षेप रास्त आहे. चेटकिणीची गोष्ट ऐकून मोठे झालेले असंख्य लोक आयुष्यात कोणाच्या केसालाही धक्का लावीत नाहीत. परंतु आळ घेणारे लोक तरी कोठून येतात? गावावर आपत्ती येते तेव्हा मनुष्य कारण शोधू लागतो, आणि त्याच्या मनात आधीच रेखाटलेला चेहरा त्याला चटकन सापडतो. एकटी, म्हातारी, विधवा, थोडी तुसडी. तो चेहरा खेळाने निर्माण केला नसेल. खेळ त्याला ताजा मात्र ठेवतो. आणि समजा, कोणाचेच नुकसान झाले नाही, तरी ज्या घरात आजी बसल्या आहेत त्या घरात त्यांचेच लुगडे भीतीला नेसवावे काय? वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आज्ञा एवढ्या प्रश्नाला पुरेशी आहे.

मग भीतीला चेहराच देऊ नये की काय? येथे आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेतील नागपूर आठवले. सेमिनरीत असताना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबतीची मिरवणूक पाहिली होती. बांबू, कागद आणि कापड यांच्या त्या प्रचंड मूर्ती. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. रोगराई आणि पीडा घेऊन जा, असे तिला ओरडून सांगावयाचे आणि शेवटी तिचे दहन करावयाचे. तीही स्त्रीरूपच, कोणी तिला पूतना मानतो, कोणी काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसले यांच्याशी जोडतो. म्हणजे दोष तेथेही नाही असे नाही. परंतु तिच्याबरोबर बडगेही निघतात, आणि या बडग्यांना लोक त्या त्या वर्षीच्या पीडेची नावे देतात. महागाई, भ्रष्टाचार, साथीचा रोग. ज्याची खरोखर भीती वाटते, त्याचेच नाव पुतळ्याच्या गळ्यात पडते. नाव खरे असले की, आळ खोटा राहत नाही.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि आजींच्या परवानगीने मुलीला मावशीची हकिकत सांगितली. ती रडली, थोडी रागावलीही. कारण चेटकीण तिची सर्वांत जमलेली वस्तू होती. शेवटी तिने स्वतःच नाक काढले, लुगडे सोडले आणि विचारले, “मग इथे काय उभे करू?” आम्ही तिला बडग्याची कल्पना दिली. ३१ तारखेच्या संध्याकाळी मैत्रिणी जमल्या तेव्हा प्रत्येकीने आपल्याला ज्याची खरी भीती वाटते ते एका कागदावर लिहून त्या बांबूच्या सांगाड्याला अडकविले. गणिताचा पेपर होता, डेंग्यूचा डास होता. शिकवणीहून परतताना पाठलाग करणारी मुले होती. एका कागदावर ‘कर्ज’ एवढाच शब्द होता. २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून पंतप्रधानांच्या मदत योजनेत घेतलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वर्धा होता, हे त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नाही. आणखी एकावर ‘दारू’ असे होते, आणि आपल्या जिल्ह्यात तर कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. कोणी काय लिहिले हे आम्ही विचारले नाही. अंगणात सांगाडा पेटविला तेव्हा मुलींनी टाळ्या पिटल्या, एक-दोघी गप्प राहिल्या. कागद जळाल्याने कर्ज फिटत नाही, हेही त्यांना कळत होतेच. पण ज्या आया ते कागद वाचून गेल्या, त्यांना आपल्या लेकींची भीती त्या संध्याकाळी प्रथमच वाचावयास मिळाली असेल.

वाचकहो, पुढच्या वर्षीही कोणाच्या घरी असा हट्ट होईल. वटवाघळे जरूर टांगा, भोपळा कोरा, कापसाची जाळी विणा. त्यांना पैसे लागत नाहीत आणि त्यांनी कोणाचे मन दुखत नाही. फक्त भीतीला चेहरा देताना तो कोणा जिवंत माणसाचा तर नाही ना, एवढे तपासून घ्या. संत योहानाने आपल्या पहिल्या पत्रात भीतीच्या समोर धैर्याला नव्हे, प्रेमाला उभे केले आहे, याचा अर्थ या प्रसंगाने आम्हांस थोडा अधिक उमगला.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कबरस्तानात मेणबत्त्या लावताना आजी आमच्याजवळ आल्या. पतीच्या कबरीवर लावून त्यांच्या हाती एक मेणबत्ती उरली होती. “मावशीसाठी होती, फादर. ते आपल्यातली नव्हती. चालते का?” मिस्साच्या एका प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे, अशा सर्व मृतांचे आपण स्मरण करतो, हे आम्ही त्यांना सांगितले. मावशीची कबर कोठेच नव्हती. म्हणून मधल्या क्रूसाच्या पायथ्याशी जागा केली. वारा होता. मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा ती नातीने लावली आणि ती टिकेपर्यंत तळहातांचा आडोसा धरून तेथेच बसून राहिली.