धुऱ्यावरची शिंदी

वाशीमला रिसोड नाक्याकडून आत वळलं की एका गल्लीत पामची इतकी दाटी दिसते की नवख्याला ते घर नसून नर्सरीच वाटावी. घर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका शाखा अभियंत्याचं. उभी नोकरी अडाण प्रकल्पाच्या कालव्यांवर गेली, आणि निवृत्तीनंतर सगळा जीव पामवर जडला. गुलाब लावणाऱ्यांना साहेब हौशी म्हणत आणि आंबा लावणाऱ्यांना व्यवहारी. त्यांच्या तोंडी दोन्ही शिव्याच होत्या.

त्यांच्या अंगणात मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरून जगभर गेलेला, बुंध्याशी फुगलेला बॉटल पाम होता. मादागास्करचा रुपेरी-निळ्या पानांचा बिस्मार्किया होता. ऑस्ट्रेलियातला, शास्त्राच्या दप्तरी १९८३ साली नोंदला गेलेला फॉक्सटेल होता. कोकणातून एसटीच्या टपावर आणलेला भेरली माडही होता. प्रत्येकाच्या बुंध्याला पत्र्याची पट्टी, पट्टीवर शास्त्रीय नाव आणि लावल्याची तारीख. कपाटात फादर ब्लॅटर यांचा १९२६ सालचा हिंदुस्थान आणि श्रीलंकेतल्या पामवरचा जाडजूड ग्रंथ. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या या स्विस पाद्र्याने आपल्या नाल्यांवरच्या शिंदीवरही त्यात लिहिलं आहे. साहेबांनी तेवढी पानं उलटली नव्हती. शिंदी म्हणजे फडे बांधायचं झुडूप, असं त्यांचं मत होतं.

आणि एक कुलपासारखी सवय. रोप मागायला कोणी आलं की उत्तर ठरलेलं, "बी धरत नाही." अरेका पामला पिलं फुटून कुंडी तडकली तरी पिलू कुंपणाबाहेर गेलं नाही.

या सगळ्यांत लाडकी होती कच्छवरून आणलेली खजूर. जात बऱ्ही, मूळची इराकातल्या बसऱ्याकडची. फळ पिवळं असतानाच गोड लागतं, पिकून काळं पडायची वाट पाहावी लागत नाही. रोप विकणाऱ्याने सांगितलं होतं, "साहेब, सोबत एक नराचं रोप घ्या." साहेबांना वाटलं, एकाच्या ठिकाणी दोन खपवायचा धंदा आहे. कुठून तरी वारा आणेलच की पराग! खजुरी वाढली, फुलली, आणि दरवर्षी तेच करू लागली: एकेका फुलाच्या जागी तीन-तीन हिरवे दाणे धरायचे, वाटाण्याएवढे व्हायचे, आणि गळायचे. साहेबांनी पोटॅश घातलं, निंबोळी पेंड घातली, ठिबकाची नळी बदलली. साहेबांची बायको शाळेतून निवृत्त झालेली. गल्ली तिला बाईच म्हणे. बाई म्हणायच्या, "तिला काय हवं ते तिलाच विचारा एकदा."

एका माघात, खजुरीला नुकती फुलं आलेली असताना, दुपारी फाटकाशी एक शेतकरी उभा राहिला. कारंज्याकडचा, अडाणच्या काठचा. हातात सातबाऱ्याची पिशवी.

"मोजणीवाले सायेब इथंच राह्यतेत काय जी?"

"ते पुढच्या गल्लीत. मी पाटबंधाऱ्याचा."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला त्याने नुसतं 'सायेबाचं घर' विचारलं होतं. चूक पानवाल्याची नाही. त्या भागात दर तिसरं घर साहेबाचं. बाईंनी पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावून त्याने मान वर केली आणि तो खजुरीकडे पाहतच राहिला.

"ही मादी हाय वाटते. नर कुठं हाय हिचा?"

"खजूर आहे ती," साहेब म्हणाले, "टिश्यू कल्चरची. पपई नव्हे."

"पपई नसन जी, पण कुळ शिंदीचंच दिसते. आमच्या नाल्याले शिंद्या हायेत. काहीले शिंदोळ्या लागतेत, काहीले सात जन्मात लागत नाहीत. ज्याईले लागत नाहीत त्याईचं फूल झटकलं का पीठ उडते. हिचं पीठ उडते काय?"

उडत नव्हतं. साहेबांना कच्छचा रोपवाला आठवला असावा, कारण ते काही बोलले नाहीत. आत जाऊन ब्लॅटरचा ग्रंथ घेऊन आले आणि शिंदीची पानं उघडून बसले. शिंदी आणि खजूर एकाच कुळातल्या सख्ख्या. एकीचा पराग दुसरीला चालतो. पुढचं साहेबांनी वाचलेलं होतंच, फक्त वापरलं नव्हतं: खजुरीच्या बागा वाऱ्यावर सोडत नाहीत, माणसं हाताने परागीकरण करतात, आणि इराकच्या त्या दोन नद्यांमधल्या मुलखात हे काम हजारो वर्षांपासून चालत आलं आहे. पन्नास माद्यांना एक नर पुरतो. एकाला झाडाची ओळख, दुसऱ्याला रीत ठाऊक. दोघांचा मिळून एक माणूस झाला.

चौथ्या दिवशी शेतकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेला नराचा फुलोरा घेऊन हजर. त्याच्या धुऱ्यावरच्या शिंदीचा. तपकिरी, चामड्यासारखं म्यान नुकतं उकललं होतं आणि आतून तांदळाच्या कण्यांसारखी दाट फुलं डोकावत होती. कागद उघडताच मैद्यासारखी पूड साहेबांच्या चष्म्यावर बसली. खजुरीच्या पानांच्या देठाला सुयांसारखे काटे. ते गोणपाटाने बांधून घेतले, शिडी लावली. नराच्या चार-पाच काड्या कापून मादीच्या फुलोऱ्यात उलट्या खोवायच्या आणि वरून सैल गाठ मारायची. घट्ट मारली तर फळं पोसायला जागा राहत नाही. साहेब सांगत होते, शेतकरी बांधत होता, बाई खालून सुतळी देत होत्या.

त्या वर्षी एका फुलाला एकच दाणा राहिला, बाकीचे दोन आपोआप गळाले. जुलैत, पावसापासून वाचवायला बांधलेल्या प्लॅस्टिकखालून हळदीच्या रंगाचे घोस निघाले. शेतकऱ्याच्या घरी भरून टोपली गेली.

मग हे दरसाल होऊ लागलं. माघ लागला की तो यायचा. येताना फूल, कधी तुरीची डाळ. जाताना साहेबांनी भरून दिलेला मोजणीचा अर्ज. त्याचा आणि थोरल्या भावाचा धुऱ्यावरून वाद होता, बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. काम झालं की दोघे खजुरीखाली बसत. साहेबांनी त्याला एकदा मसादाच्या बियांची गोष्ट सांगितली. इस्रायलमधल्या त्या पडक्या किल्ल्यात खजुराच्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. त्यांतली एक २००५ साली रुजवली तर तिला कोंब फुटला. झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला.

"मंग? फळं लागली?"

"कशी लागणार? नर निघाला तो."

शेतकरी मांडीवर थाप मारून हसला. "दोन हजार वर्षं थांबला, अन् एकटाच! मंग बायको कवा भेटली?"

"तशाच जुन्या बियांतून हॅना नावाची मादी उगवली. २०२० साली तिला फळं धरली, याच्याच परागाने."

"पंधरा वर्षं. आमच्या मोजणीपरीस लवकरच झालं म्हना!"

मोजणी झाली ती त्याच उन्हाळ्यात. हद्द कायम झाली, भूकरमापकाने दगड रोवले, 'क' प्रत हातात आली. त्यात शिंदी गेली थोरल्याच्या वाट्याला. हातभर अंतराने, पण गेली.

पुढच्या माघात तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, "फूल आता माह्यं नाही जी. अन् त्याच्यापुढं हात पसरनं मले जमनार नाही."

साहेब व्यवहारी माणूस. त्यांनी कच्छहून परागाची पूड मागवली. कुरिअरने पुडी आली, कापसाच्या बोळ्याने लावली, काम अर्ध्या तासात उरकलं. ना गोणपाट, ना पाहुणा, ना चहाची तीन आधणं. घोस आधीपेक्षा भरदार आले. साहेबांनी वजन करून वहीत लिहिलं आणि बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "खारका आल्या. माणूस नाही आला." त्या वर्षी फळं गल्लीत वाटूनही उरली, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात आंबली.

त्यानंतरच्या माघात साहेबांनी पूड मागवली नाही. एसटीने कारंजा गाठलं आणि गावात गेले ते धाकट्याकडे नाही, थोरल्याकडे. नियमाने बघितलं तर झाडाचा मालक तोच होता, आणि साहेबांची उभी हयात नियमात गेली होती.

"एक फूल पाहिजे होतं. शिंदीचं."

थोरल्याने त्यांना नीट न्याहाळलं. "तुमीच काय ते खजूरवाले? त्या झाडापायी माह्या ट्रॅक्टर वळत नाही. येत्या उन्हाळ्यात जेसीबी लावून काढनार हाव मी."

"काढा. पण यंदाचं फूल द्या. काय पैसे होतील ते सांगा."

"फुलाचे कायचे पैसे? ना माह्या बापानं लावलं, ना म्या. पाखरानं टाकलेलं बी हाय ते." मग गुडघ्यावर हात दाबत म्हणाला, "पन कोन चढते? मले गुडघ्यानं धरलं. पोरगं चाकनले कंपनीत. गडी म्हनते काटा लागते. गावात शिंदीवर चढनारा एकच हाय. लहानपनी बी तोच चढे, अन् म्या खालून झोळी धरो…"

तो थांबला. दारातली कोंबडी उगाच हाकलली.

"त्याले सांगा, सायेबाचं काम हाय म्हनून ये. म्या बलावलं असं मात्र सांगू नका."

साहेबांनी गावातल्या गावात दोन फेऱ्या मारल्या. धाकटा म्हणाला, "त्याच्या झाडावर म्या कायले चढू?" साहेब म्हणाले, "त्याच्या झाडावर नको चढू. माझ्या खजुरीसाठी चढ." यात तर्क काही नव्हता; पण न जाण्यासाठी धाकट्याला एक सबब होती आणि आता जाण्यासाठीही एक मिळाली. त्याने दोर काढला.

झाडाखाली थोरला आधीच येऊन उभा होता, पाठ करून. धाकटा खोडावरच्या जुन्या देठांच्या खुंटांवर पाय देत वर गेला. वर जाऊन लक्षात आलं, विळा खालीच राहिला.

"इळा," वरून आवाज आला.

थोरल्याने विळा दोराला बांधला. दोर वर गेला. जरा वेळाने पुन्हा आवाज, "झोळी धर." थोरल्याने खांद्यावरचा दुपट्टा दोन हातांत ताणून धरला. फुलोरा त्यात धपकन पडला आणि पराग त्याच्या टोपीवर, मिशांवर बसला.

बोलणं एवढंच. दुसऱ्या एखाद्या गोष्टीत इथे दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले असते. आमच्या वऱ्हाडातले भाऊ असे पडत नाहीत. थोरल्याने फुलोरा साहेबांच्या हाती दिला आणि धाकट्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या साली दोन कापजो. मंगरुळचा मास्तर बी मागत होता."

मंगरूळपीरच्या त्या मास्तरांच्या दारी दोन खजुरी होत्या, दोन्ही वांझ. त्यांना बातमी लागली ती साहेबांच्या फळांवरून. मास्तरांच्या मागून कारंज्याचा एक नर्सरीवाला आला, मग मालेगावकडचा एक दुकानदार. पामचं वेड असलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात इतकी आहेत हे त्यांना एकमेकांना बघूनच कळलं. माघात ठरल्या दिवशी सगळे शिंदीखाली जमतात. धाकटा चढतो, थोरला झोळी धरतो, आणि वाटणी होईपर्यंत रोपांची, बियांची, काटा लागलेल्या बोटांवरच्या उपायांची देवाणघेवाण चालते. साहेबांनी पहिल्या वर्षी अरेकाची पिलं नेली, दुसऱ्या वर्षी बॉटल पामची रोपं. "बी धरत नाही" हे उत्तर नंतर कोणी ऐकलं नाही. त्या शिंदीलाही त्यांनी पत्र्याची पट्टी लावली आहे. तिच्यावर शास्त्रीय नाव आहे, 'नर' असं लिहिलं आहे; मालकाचं नाव नाही.

मोजणीचा दगड जागेवर आहे, झाडही जागेवर आहे. थोरल्याचा ट्रॅक्टर आता एकदा मागे घेऊन वळतो, तेवढं डिझेल जास्त लागतं. भावांच्या चुली वेगळ्याच आहेत. फक्त जुलैत खारकांची एक टोपली धुऱ्यावरून इकडून तिकडे जाते.

वाशीमकडे कोणाच्या अंगणातली खजूर फुलूनही फळत नसेल, तर खत बदलण्याआधी जवळच्या नाल्यावर जाऊन नर शोधावा. आणि ज्यांच्या धुऱ्यावर न फळणारी शिंदी उभी आहे, त्यांनी जेसीबीला फोन लावण्याआधी एक माघ थांबून तिचं फूल झटकून पाहावं. पीठ उडालं, तर तालुक्यात कोणाला तरी ते हवं आहे.