पूर्ववत म्हणजे कोणासारखं?

मी एकलहऱ्यात राहतो. बाप इथल्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडं रोजंदारीवर होता. मी शिकलो आणि आता एका संस्थेत पाणलोटाची, तळ्यांची, पाणथळींची कामं बघतो. डोंगरावर चर खोदून घ्यायचे, नाल्यावर बांध घालायचे, गाळ काढायचा, मस्टर तपासायचं, मोजमाप लिहायचं. काम चांगलं आहे, ह्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एका शब्दाबद्दल. आमच्या प्रत्येक फायलीत तो असतो: 'पूर्ववत करणे'.

पूर्ववत म्हणजे कोणत्या दिवसासारखं? आणि कोणासाठी?

एकलहऱ्यावरून गोदावरी खाली निफाड तालुक्यात जाते. तिथं कादवा तिला मिळते त्या नांदूर मधमेश्वरला इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. हेतू एवढाच, की कालव्यांनी शेतीला पाणी न्यायचं. बंधाऱ्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. १९८६ साली ते अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं; महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ. आता हे पूर्ववत करा म्हटलं तर काय करायचं? सगळा गाळ काढला तर पक्षी जातील. गाळ राहू दिला तर कालव्याचं पाणी घटेल. बंधारा फोडला तर दोन्ही जाईल. निसर्ग येऊन सांगत नाही की मला अमुक सालासारखं करा. माणसं ठरवतात. कोणती माणसं ठरवतात, हा आपला प्रश्न.

मित्रांनो, २० मार्च १९२७ आठवा. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर तिथल्या सनातन्यांनी काय केलं? घागरी भरून पाणी उपसलं, शेण-गोमूत्र ओतलं, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं. त्यांच्या हिशेबानं तेही तळं पूर्ववत करणंच होतं! पाणी होतं तसंच होतं. मोडली होती ती त्यांची रीत, आणि तीच त्यांना परत हवी होती. तळं सर्वांचं, हे हायकोर्टातून मिळवायला मार्च १९३७ उजाडला.

म्हणून कोणी म्हणालं की पूर्वी गाव हिरवंगार होतं, ओढा बारमाही वाहायचा, की मी विचारतो: त्या ओढ्याला वरच्या अंगाला कोण भरायचं आणि खालच्या अंगाला कोण? आपल्या आज्यांना विचारा. त्यांना तो बारमाही ओढा चांगला आठवतो.

आता आजचं बघा. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं करतात. शास्त्र बरोबर आहे. वर पाणी अडवलं नाही तर खालचे बांध गाळानं भरतात. पण गावाचा माथा म्हणजे गायरान, पडीक, मुरमाड रान. तिथं शेळ्या कोणाच्या चरतात? ज्यांना शेत नाही त्यांच्या. सरपणाला कोण जातं? त्यांच्याच बाया. चर खोदले, रोपं लावली की लागली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. आणि मुरलेलं पाणी उतरतं पायथ्याच्या विहिरींत. पायथ्याची काळी जमीन कोणाची, हे सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी एका गावात एक म्हातारी चराच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, "बाबा, चर आमीच खांदले. रोज मिळाला, नाय कशाला म्हनू? पन पानी त्यांच्या हिरीला न् बंदी माज्या शेळ्यांला, ह्यो कुठला हिशेब?" मी तिला जमिनीची धूप समजावून सांगायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू आपला हायेस ना?"

खोटं बोलणार नाही. शेळ्या रोपं खातात हे खरंच आहे. पहिल्या साली वस्तीच्या आडालाही पाणी जास्त दिवस टिकलं. दुसऱ्या साली पायथ्याला बोअर पडल्या, बागा लागल्या, आणि आड पुन्हा मार्चात आटला. ह्यात बेकायदा काही नाही. १८८२ चा इझमेंट कायदा जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला देतो. ज्याला जमीन नाही, त्याला ते पाणीही नाही. मग ते त्याच्याच घामानं मुरलेलं का असेना!

साहेब लोक म्हणतात, आधी पाणी तर येऊ द्या, वाटपाचं मग बघू. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. आधी स्वराज्य, मग समाजसुधारणा! १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला होता. पाणी आलं की त्यावर बाग उभी राहते, बागेवर कर्ज निघतं, आणि मग वाटा मागणारा गावाच्या प्रगतीचा शत्रू ठरतो.

दुसरी वाट आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी मोजायचं ते घरातल्या डोक्यांवर, एकरांवर नाही. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. योजनेत यायचं तर हे आधी मान्य करावं लागे. भूमिहीन पाणी घेऊन काय करणार, असं विचारतात. ज्याच्याकडं पाणी आहे, तो जमीनवाल्याशी बरोबरीनं बोलतो. त्याची जमीन वाट्यानं करतो. हात जोडून कामाला जाणं वेगळं आणि हे वेगळं.

मग मी नोकरी सोडावी का? सोडली तर काम थांबणार नाही, मस्टरवर दुसऱ्याची सही येईल. राहिलो तर म्हातारीच्या शेळ्यांवर बंदी घालणारा हात माझा. घरी दोन पोरं आहेत, हेही लिहून ठेवतो. आपण नेहमी ते लपवतो.

पुढच्या गावाची फाईल सध्या माझ्या टेबलावर आहे. मी तिला एक कागद जोडलाय. पहिली कुदळ पडायच्या आधी ग्रामसभेनं तीन ठराव करावेत. माथ्याचा एक भाग पाळीपाळीनं शेळ्यांना उघडा ठेवावा आणि बंद भागातलं गवत शेळीवाल्यांनाच मिळावं. वस्तीच्या आडाजवळ नवी बोअर नको. अडलेल्या पाण्यात भूमिहीन घरांचा वाटा लिहून ठेवावा. वरून निरोप आलाय की तुमचं काम मोजमापाचं, ठरावाचं नव्हे. सही मी अजून केलेली नाही.

तुमच्या गावातही हे काम येईल. विरोध करू नका. पाणी अडायलाच हवं. पण ग्रामसभेला वस्तीतल्या बायांना पुढं घेऊन जा, आणि वाटा ठरल्याशिवाय खोदायला उतरू नका. म्हातारीला त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. ह्या फाईलवर काय होतं, त्यावरून ते तिला कळेल.

जयभीम.