एका काट्याचं घड्याळ

पुण्याच्या जावयाने वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिलं. त्याला काटा एकच. "दुसरा वाटेत पडला का?" हिने विचारलं. तबकडीवर १४४ रेघा; एका रेघेपासून दुसरीपर्यंत पाच मिनिटं. हायगेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ काढलं, त्याआधीची बहुतेक घड्याळं अशीच होती. मिनिटं माणसाच्या मागे लागली ती नंतर.

मला तर हे घड्याळ खास वऱ्हाडासाठीच केलेलं वाटलं. आमच्या अमरावतीत पत्रिकेवर मुहूर्त ११ वाजून ३७ मिनिटांचा, आणि साडेबाराला नवरदेव अजून वरातीतच! इथे मिनिटकाटा म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आठवडाभर मी ऐटीत मनगट मिरवलं.

मग अकोल्याला अक्काकडे जेवायला निघालो. बडनेऱ्याला पोचलो तेव्हा काटा दोन रेघांच्या मध्ये होता आणि गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर. एस.टी. धरली. "थोडा उशीर होईल," असं अक्काला फोनवर कळवलं. थोडा म्हणजे किती, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने आपल्या हिशेबाने इन्शुलिन टोचून घेतलं आणि पानं मांडून बसली.

मी पोचलो पावणेदोनला. अक्का घामाने चिंब, हात थरथरताहेत, तोंडात साखर. पण पाहुण्याआधी जेवायची नाही. मोघमपणाची ऐट माझी, मिनिटं मात्र तिची गेली होती.

चार घास पोटात गेल्यावर तिने माझं मनगट ओढून पाहिलं.

"एकच काटा? दुसरा आमच्याच घरी होता वाट्टे. बारापासून त्याच्याकडंच पाहून राहिली मी."