गाणे आणि गाणाऱ्याचे घर

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. गवयांच्या बाबतीत रसिकांनी ही शिकवण जरा अधिकच मनावर घेतली आहे. गाणे ऐकावे, गाणाऱ्याच्या घरात डोकावू नये, असा आमचाही अनेक वर्षे दंडक होता. तो एका पुस्तकाने मोडला.

२०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीस तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. गाझियाबादेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मराठी पुस्तकांच्या एवढ्या राशी एके ठिकाणी पाहण्याचा योग क्वचितच येतो. तेथून आम्ही पिशवी भरून पुस्तके आणली. त्यांत गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची चरित्रे आणि आठवणीच अधिक होत्या. पुढचे काही महिने कचेरीस जाता-येता गाडीत उभ्याउभ्या आम्ही ती वाचीत होतो.

अशी पुस्तके लागोपाठ वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बालगंधर्वांच्या चरित्रात १९११ सालचा 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा प्रसंग हटकून येतो. त्याच दिवशी त्यांचे अपत्य दगावले आणि तरीही नारायणराव भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. प्रसंग खराच असामान्य आहे. तो वाचताना आमचे डोळे दर वेळी पाणावले आहेत. पण हे डोळे कोणासाठी पाणावतात? गंधर्वांसाठी. ज्या घरात ते मूल गेले तेथे त्या रात्री एक आईही होती, तिच्याकडे कथन वळतच नाही. पडदा वर जातो आणि आपणही प्रेक्षकांबरोबर थिएटरात जाऊन बसतो.

सुधीर फडके यांचे 'जगाच्या पाठीवर' हे अपुरे राहिलेले आत्मचरित्र वाचताना हा सल राहत नाही. तेथील वणवण, उपासमार, अपमान हे सारे बाबूजींनी स्वतः सोसले होते. आपल्या उपासाची कथा सांगण्याचा प्रत्येकाला पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याच्या उपासाचे पुण्य आपल्या पदरी बांधण्याचा अधिकार मात्र कोणाला असावा, याचा निर्णय आम्हाला अजून करता आलेला नाही.

भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. विनातिकीट प्रवास, गाणे म्हणून मिळविलेले जेवण, ग्वाल्हेर, जालंदर ही हकीकत मैफलीच्या गप्पांत नेहमी हसतखेळत सांगितली जाते. मुंबईहून अमृतसरला जाणारी गोल्डन टेम्पल मेल आमच्या गाझियाबादवरून पुढे जालंदरला जाते. ती फलाटावर दिसली की आम्हालाही तो पोरगा आठवे आणि कौतुक वाटे. त्याच्यामागे गदगेत एक शाळामास्तर बाप होता, मुलाच्या शोधात तो पार जालंदरपर्यंत गेला, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या बापाच्या प्रवासाचे कौतुक करावे असे कधी सुचले नव्हते.

पंडितजी २०११ साली निवर्तले. त्यानंतर त्यांचे पहिल्या विवाहापासूनचे थोरले चिरंजीव राघवेंद्र यांचे 'गाणाऱ्याचे पोर' प्रसिद्ध झाले. आमचा दंडक मोडणारे पुस्तक ते हेच. पंडितजींचे दोन संसार होते, ही गोष्ट काही गुप्त नव्हती. पण पहिल्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून ती कोणी सांगितली नव्हती. या पोराला बापाचे गाणे प्राणाहून प्रिय आहे आणि बाप मात्र फार थोडा मिळालेला आहे. पुस्तकात अभिमान आणि दुखावलेपण शेजारी शेजारी बसलेले आहेत. एकाने दुसऱ्याला उठवून लावलेले नाही.

यावर रसिकांचा एक आक्षेप आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे: गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, मग हे कशाला लिहावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तथापि १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा पु. ल. हयात होते, तरीही वाचकांचा एक वर्ग नाराज झालाच. तेव्हा अडचण मृत्यूची नसावी, ऐकणाऱ्यांच्या सोयीची असावी. नदीचे मूळ वाटसराने विचारू नये, हे ठीक. पण नदीकाठी जन्म काढलेल्याने पुराविषयी बोलू नये, असे कोणत्याही म्हणीत सांगितलेले नाही.

आमच्या टेबलावर कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. कारकून असो वा अधिकारी, त्याच्यामागे त्याच्या पत्नीचा काही हक्क उरतो, हे रुक्ष सरकारी नियमांनाही कळलेले आहे. त्याची सेवा एकट्याची नव्हती, हे त्या फायलीत न बोलता मान्य केलेले असते. गाण्याच्या बाबतीत असा कोणताही नमुना भरून घेतला जात नाही. आम्ही आयुष्यभर फुकट ऐकतो आणि वर त्या घराने गप्प बसावे अशी अपेक्षा ठेवतो.

हे सारे आम्ही इतक्या तावातावाने का लिहीत आहोत, तेही सांगितले पाहिजे. आमचे वडील मिरजेकडील गावांत कीर्तनकारांच्या साथीला पेटी वाजवीत. उत्सव, जत्रा, चातुर्मास धरून वर्षातले सहा महिने ते घराबाहेर असत. गावाकडचा माणूस आजही भेटला की त्यांच्या बोटांचे गुण गातो आणि आम्ही सुखावतो. त्या सहा महिन्यांत घरात काय शिजे, ते मात्र कोणी विचारीत नाही. त्यांची पेटी येथे आमच्या घरात आहे. तिचा भाता फाटला आहे. आई ती रोज पुसते. दुरुस्तीला न्यायचे म्हटले तर नको म्हणते, कोणाला देऊन टाकायचे म्हटले तरी नको म्हणते.

आईच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून 'गाणाऱ्याचे पोर' आम्ही तिला रात्री जेवणानंतर थोडेथोडे वाचून दाखवीत होतो. ती मध्ये काही बोलत नसे. एके रात्री मात्र तिने हात वर करून आम्हाला थांबविले आणि विचारले, "त्या बाईनं स्वतः काही लिहिलंय का रे?"

आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं, वाच पुढं."