रविवारची उत्तरपूजा

अलिबाग-नवगावच्या किनारपट्टीवर बेने इस्रायली ज्यू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत होती. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. हिब्रू भाषा मागे पडली होती, घरात मराठी बोलली जात होती, धर्मग्रंथ हाताशी नव्हते. तरी आठवड्यातून एक दिवस काम थांबवायचे, हे त्यांनी सोडले नाही.

विश्रांती हा धर्माचा विषय आहे, हे या उदाहरणावरून सहज पटते. ती विश्रांती संपते तेव्हा माणसाने काय करायचे, हाही धर्माचाच विषय आहे. त्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

रविवारी दुपारची झोप आणि चहा झाला की कितीतरी घरांतली हवा बदलते. इस्त्रीचे कपडे आणायचे असतात, डब्याची भाजी निवडायची असते, मुलांचा राहिलेला गृहपाठ तेव्हाच दप्तरातून बाहेर येतो. सातारा-कोल्हापूरच्या एसटी स्थानकांवर पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी होते. अजून सहा-सात तासांची सुट्टी हातात असते, पण मन केव्हाच सोमवारच्या बैठकीत जाऊन बसलेले असते आणि पोटात गोळा आलेला असतो. श्रद्धाळू माणसाला याच्या जोडीला आणखी एक टोचणी लागते: देवावर खरा भरवसा असता तर उद्याची एवढी धास्ती वाटली असती का?

ही टोचणी अन्यायाची आहे. सुट्टीच्या दिवशी मन आणि शरीर बिघडते, याची नोंद वैद्यकाने शंभर वर्षांपूर्वीच घेतली. बुडापेस्टचे मनोविश्लेषक शांडोर फेरेन्झी यांनी 1919 मध्ये ‘रविवारच्या मनोविकारां’वर एक लेख लिहिला. आठवडाभर ठीक असणाऱ्या काही रुग्णांना नेमके रविवारी डोके दुखणे, पोट बिघडणे असे त्रास होत. पुढे व्हिक्टर फ्रँकल यांनीही रविवारच्या या विकाराकडे लक्ष वेधले. कामाची धावपळ थांबली की आत दडलेली पोकळी जाणवू लागते, असे त्यांचे निदान होते. प्रत्येकाच्या रविवारला ते लागू पडेलच असे नाही. अनेकांच्या आत पोकळी नसते, उलट नको तितके साचलेले असते.

ज्यू परंपरेने मात्र सुट्टी सरतानाच्या हुरहुरीला आजार मानले नाही, तिला विधीत जागा दिली. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. पण तो नुसता संपू दिला जात नाही. घरातली माणसे ‘हवदाला’ या निरोपाच्या विधीसाठी एकत्र जमतात. अनेक वातींची, वेणीसारखी गुंफलेली मेणबत्ती पेटवतात. द्राक्षरसाचा पेला भरतात. लवंग, दालचिनी यांसारख्या मसाल्यांची डबी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण तिचा वास घेतो. पवित्र दिवस आणि कामाचे सहा दिवस यांत फरक करणाऱ्या देवाचे आभार मानले जातात, मग ती ज्योत द्राक्षरसात विझवतात. 

त्या मसाल्यांमागची धारणा फार हळुवार आहे. शब्बाथला माणसाला एक जादा आत्मा मिळतो आणि दिवस संपताच तो निघून जातो, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. मागे राहिलेला जीव त्यामुळे कोमेजतो, त्याला तरतरी यावी म्हणून हा सुगंध, असे पुढच्या भाष्यकारांनी म्हटले. सुट्टी सरताना वाईट वाटणे ही श्रद्धेतली उणीव नाही, कारण खरोखरच काहीतरी मौल्यवान निघून गेलेले असते. ते ओळखायचे आणि त्यावर लगेच हातातली लवंग हुंगायची. पुष्कळ घरांत नंतर शब्बाथ नावाच्या राणीला निरोप देण्यासाठी जेवणही करतात. आठवडा सुरू झालेला असतो, पण त्याचा पहिला घास राणीच्या मानाचा असतो.

मराठी घराला हे परके वाटू नये. गणपती नुसता उचलून पाण्यात सोडत नाहीत. आधी उत्तरपूजा होते, बरोबर दहीपोह्यांची शिदोरी दिली जाते, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून साद घातली जाते. रडणाऱ्या पोराला कुणी रागवत नाही. आपल्या रविवारला मात्र अशी उत्तरपूजा नाही. तो रात्री मोबाइल चाळता चाळता, ऑफिसच्या ग्रुपवर आलेला निरोप वाचता वाचता कधी सरतो ते कळतही नाही. निरोपच दिला नाही, तर दिवस गेल्याची चुटपुट सोमवारच्या भीतीत मिसळते आणि दोन्ही मिळून छातीवर बसतात.

ही भीती निराळी काढून पाहायची असेल, तर गीतेच्या पहिल्या अध्यायाइतके नेमके वर्णन सापडणे कठीण. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून गळते, उभे राहवत नाही. उद्याच्या कामाची धास्ती घेतलेल्या कुणालाही ही लक्षणे ओळखू येतील. श्रीकृष्ण त्याला कठोर शब्द जरूर सुनावतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ते बोलत राहतात, त्याच्या शंका ऐकतात. तिसऱ्या अध्यायात अंगातला हा ज्वर टाकून युद्ध कर असे सांगितल्यावरही संवाद पुढे पंधरा अध्याय चालतो. ‘चिंता सोड’ हे वाक्य एका दमात सांगून काम भागत असते, तर गीता इतकी लांबली नसती.

विनोबांनी गीतेवरची आपली प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि तीही रविवारी. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी एक, असे अठरा रविवारांत अठरा अध्याय झाले. समोर सत्याग्रही कैदी बसत आणि साने गुरुजी प्रवचने उतरवून घेत. सोमवारी कैद्यांची गाठ पुन्हा त्याच भिंतींशी आणि त्याच दिनक्रमाशी पडायची. अर्जुनाला विनोबांनी भित्रा म्हटले नाही. त्याची घालमेल त्यांनी मोहातून आलेली मानली आणि स्वधर्माच्या प्रश्नाशी नेऊन भिडवली. येणारा आठवडा बदलता येत नसताना त्याच्या उंबरठ्यावर बसून काय करता येते, याचे याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

ज्यांच्यापाशी परंपरा नाही किंवा ती नको आहे, त्यांच्यासाठीही एक साधी वाट आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 57 तरुण-तरुणींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामे लिहिली, काहींनी झालेली. राहिलेली कामे लिहिणारे सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. नऊ मिनिटे म्हणजे मोक्ष नव्हे, पण रविवारी रात्री तीही मोलाची वाटतात. मनात घोळणारे काम कागदावर ठेवणे हा एक लहानसा विधीच आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने उद्याचा भार उद्यावर सोपवायला सांगितले. सोपवायचे तर आधी तो भार काय आहे, हे दिसायला हवे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही विधीने झाकू नये. कधीकधी रविवारची धास्ती खरे बोलत असते. साहेब अपमान करतो, काम माणसाच्या ताकदीबाहेरचे आहे, पगार महिनोन्‌महिने रखडला आहे, अशा जागी परतताना पोटात गोळा येणे हा मनाचा दोष नाही. तिथे समत्वाचा उपदेश करणे म्हणजे पीडिताच्याच माथी ओझे मारणे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते केले नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते मुंबईच्या गिरणी कामगारांना सहनशीलतेचे धडे देत बसले नाहीत. 1884 मध्ये त्यांनी कामगारांची सभा घेऊन निवेदन तयार केले. सर्व कामगारांना रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हाही धागा या मागणीला जोडून सांगितला जातो. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. पहिल्या निवेदनानंतर जवळजवळ सहा वर्षे लोखंडे सभा घेत राहिले, अर्ज करत राहिले, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून लिहीत राहिले. आजही इमारतींचे रखवालदार, घरोघरी पार्सल पोचवणारी मुले आणि रविवारी पाहुण्यांच्या जेवणामागे दुप्पट राबणाऱ्या गृहिणी यांच्यातल्या पुष्कळांना आठवड्यात हक्काचा एक दिवस नाही. सरण्याची हुरहुर लागावी असा रविवारच अजून त्यांच्या वाट्याला आलेला नाही.